तिच्या हाताला पेलेल असं रिव्हॉल्व्हर

बायकोने बंदूक मागितली ती सकाळी पोळ्या लाटता लाटता.

"अहो, एक बंदूक घेऊन टाका न जी," ती म्हणाली आणि लाटलेली पोळी तव्यावर टाकली.

मी पेपर वाचत होतो. ऐकण्यात चूक झाली असं वाटून मी विचारलं, "काय घेऊन टाकू?"

"बंदूक. लहानवाली. हातात धरता येते ते."

आम्ही दोघंही साठी ओलांडलेली माणसं. मी नोकरीभर आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला शिकवलं. कानस कशी धरायची, दोन तुकडे असे कसे घासायचे की मधून उजेड दिसू नये, हे पोरांना सांगण्यात माझी सगळी वर्षं गेली. निवृत्तीनंतर कामठी रोडवरून आत एका लेआउटमध्ये घर बांधलं. प्लॉट स्वस्त मिळाला, कारण आजूबाजूला वस्ती नव्हती. अजूनही फारशी नाही. आमच्या डाव्या हाताला रिकामा प्लॉट, उजव्या हाताला अर्धवट बांधकाम, समोर बाभळी. मुलगी धरमपेठेत राहते. तिला एक मुलगी आहे, आमची एकुलती एक नात, तेव्हा सहा वर्षांची होती.

बंदूक मागण्याच्या चार महिने आधी आमच्या घरी जे झालं त्याला पोलिसांच्या कागदावर जबरी चोरी म्हटलं आहे.

एप्रिल सुरू झाला होता. मी वर्षाचे गहू घ्यायला कळमन्याला निघालो. निघताना मीच तिला म्हणालो, "कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या आहेत. ताटीवाला ओरडताना दिसला तर बोलावून घे." हे वाक्य मी बोललो नसतो तर, हा विचार मी आजवर किती वेळा केला असेल ते सांगता येत नाही.

ताटीवाले आले. दोघं होते, सायकलला ताट्या बांधलेल्या. तिने दार उघडलं. त्यांनी जुन्या ताट्या काढल्या, नव्या बसवल्या, कूलर सुरू करून दाखवला. मग एकाने दार लावलं. दुसऱ्याने कूलरचं बटण पुरतं फिरवलं. त्या घरघरीत ती ओरडली तरी रस्त्यावर ऐकू जाणार नव्हतं, आणि रस्त्यावर ऐकायला होतं तरी कोण!

मंगळसूत्र लगेच गेलं. पाटल्या निघेनात. तेव्हा त्यांनी तिला बेसिनपाशी नेलं आणि साबण लावून तिचे हात धुतले. एकजण म्हणाला, "मावशी, हात ढिला सोडा." ओढाओढीत तिचा डावा अंगठा मुरगळला, तो पुढे कधीच नीट झाला नाही. मग तिच्या तोंडात ओट्याचं पोतेरं कोंबून त्यांनी तिला पलंगाच्या पायाला बांधलं आणि जाताना गेटची कडी नीट लावून गेले.

मी एक वाजता घरी येणार होतो. बाजारात माझ्या वेळचा एक शिक्षक भेटला. आम्ही चहा प्यायलो, जुन्या गोष्टी काढल्या, पुन्हा चहा प्यायलो. मी घरी पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. टाकीतलं पाणी संपून पंप कोरडा फिरत होता आणि घरात जळका वास सुटला होता. ती फरशीवर आडवी होती. मी तोंडातलं पोतेरं काढलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पहिले तो कूलर बंद करा."

त्या उन्हाळ्यात आम्ही कूलर लावला नाही. नागपूरचा मे महिना आम्ही पंख्याखाली काढला, कारण कूलर सुरू झाला की ती घामाघूम व्हायची आणि तिला श्वास पुरायचा नाही. खिडक्यांना जाळ्या लावल्या, दाराला दोन कड्या लावल्या. धंतोलीतल्या एका मनाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, वेळ लागेल. मुलगी म्हणाली, "बाबा, घर विकून टाका, इकडे या." पण त्या बाजूला कोण घर घेणार? आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाच माणसं किती दिवस राहणार?

म्हणून बंदुकीची गोष्ट मी हसण्यावारी नेली नाही. मी तिला विचारलं, "बंदूकच काहून वं?"

ती म्हणाली, "माह्या बाबाजवळ होती न. डुकराईसाठी. माळ्यावर ठेवलेली राहे. आमी दार उघडं टाकून झोपत होतो."

ती काटोलकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिच्या वडिलांकडे रानडुकरांसाठी परवान्याची जुनी भरमार बंदूक होती, हे मला लग्नापासून ठाऊक होतं. त्या बंदुकीचा आणि तिच्या झोपेचा संबंध मात्र मला त्या दिवशी कळला. मला वाटलं, हिला जे हवंय ते लोखंडाचं आहे, आणि लोखंडातलं मला कळतं.

परवान्याला दीड वर्ष लागलं. फॉर्म, फोटो, डॉक्टरचा दाखला, बंदूक चालवण्याच्या शिक्षणाचा दाखला. पहिला अर्ज परत आला. दुसऱ्या वेळी चौकशीसाठी ठाण्यातून एक हवालदार घरी आला. भला माणूस होता. चहा पिता पिता त्याने विचारलं, "काका, घरात कोणाले काही तब्येतीचा त्रास? डोक्याचा वगैरे?"

बायको आत होती. तिच्या गोळ्यांचा डबा फ्रिजवर, त्याच्या डोक्याच्या बरोबर मागे होता.

"नाही जी," मी म्हणालो. "हिला बीपी आहे तेवढं."

त्याने लिहून घेतलं. मी आयुष्यात फार खोटं बोललेलो नाही. हे एवढं बोललो, आणि बोलताना जीभ जराही अडखळली नाही.

परवाना हातात आला तेव्हा आम्ही दोघं सदर भागातल्या बंदुकांच्या एका दुकानात गेलो. दुकान जुनं होतं. मालक माझ्याच वयाचा, हिंदी वळणाचं मराठी बोलणारा. मी आधीच सांगून टाकलं, की पेन्शनीवर जगणारा माणूस आहे, विलायती काही दाखवू नका.

"विलायती तर माझ्याजवळ पण नाही राहत, काका," तो हसला. त्याने काउंटरवर हिरवं कापड अंथरलं आणि तीन नग मांडले.

पहिलं पिस्तूल होतं. वरचा भाग लोखंडी, पण मूठ आणि खालची सगळी बॉडी फायबरची. तो म्हणाला, "आजकाल हेच चालते. हलकं आहे, गंजत नाही." मी हातात घेतलं. वाईट नव्हतं. पण मी नखाने टिचकी मारली तर आवाज बादलीसारखा आला. मी ते खाली ठेवलं. त्याने सांगितलं, फायबर मजबूत असतं, पलटणीसुद्धा वापरतात. असेल. मी प्लास्टिकवर चाळीस वर्षांचा अविश्वास घेऊन तिथे गेलो होतो.

दुसरंही पिस्तूलच, पण पूर्ण धातूचं, ॲल्युमिनियमच्या बॉडीचं. किंमत पेलणारी होती. मी ते बायकोच्या हातात दिलं. गोळी नळीत जायला त्याचा वरचा भाग एकदा मागे ओढावा लागतो. तिने उजव्या हातात मूठ धरली आणि डाव्या हाताने ओढलं. तो भाग हलला नाही. तिने पुन्हा ओढलं. मुरगळलेला अंगठा वाकडा झाला आणि तिने ओठ दाबून धरले.

"राहू द्या, काकू," मालक म्हणाला. "तुम्हाले रिव्हॉल्व्हर पाहिजे. त्यात ओढायची भानगड नाही."

तिसरं ते होतं. सगळं पोलादाचं, काळं, आखूड नळीचं. मोठं नाव नसलेल्या कारखान्याचं, म्हणून स्वस्त. मी चष्मा लावला आणि अर्धा तास त्याच्यात घालवला. गोळ्यांची चक्री हाताने हलवून किती खेळ आहे ते पाहिलं. बॉडीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, एके ठिकाणी बर, म्हणजे धातूची बारीक खरखर, राहिली होती, कानशीचे दोन हात मारले की जाईल अशी. बाकी काम स्वच्छ होतं. मला कोणा अनोळखी फिटरचा अभिमान वाटला.

"जड आहे," बायको म्हणाली.

"जड आहे म्हणून झटका कमी बसते, काकू. हलकं असलं की मनगट तोडते."

तिने चाप ओढून पाहिला. फार कडक होता, पुरता ओढेपर्यंत नळी हलायची. मग मालकाने दाखवलं, की मागचा घोडा आधी अंगठ्याने खाली ओढून ठेवला तर चाप अगदी हलका होतो. तिने दोन्ही अंगठे लावून घोडा चढवला. कट्ट असा आवाज झाला. चापाला बोट नुसतं टेकलं आणि घोडा पडला.

"हे जमते मले," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. मी लगेच हो म्हटलं.

दुकानातून बाहेर पडल्यावर तिने आपणहून म्हटलं, की उसाचा रस पिऊ. रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही रस प्यायलो. ती मागून येणाऱ्या माणसांकडे वळून बघत नव्हती. तो आमचा त्या सगळ्या काळातला एकमेव चांगला दिवस.

परवाना माझ्या एकट्याच्या नावावर होता. ते हत्यार तिने हातात धरणंही कायद्यात बसत नव्हतं. पण मी विकत घेतलं होतं तिच्यासाठी. रोज सकाळी गोळ्या काढून ठेवून, जेवणाच्या टेबलावर मी तिला शिकवायचो, जसं वर्गात शिकवत होतो. बोट चापावर नाही, बाजूला. नळी माणसाकडे नाही, रिकामी असली तरी नाही. ती लक्ष देऊन शिकली. माझ्या वर्गात अशी विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती.

पहिले काही दिवस ते कपाटात कुलपात होतं. मग कुलपाची किल्ली तिच्याकडे गेली. मग मी बाहेर गेलो की ती ते कपाटातून काढून स्वयंपाकघरात नेऊ लागली. एकदा बाजारातून आलो तर भाजीच्या टोपलीशेजारी, भरलेलं. मी बोललो नाही. कारण त्या दिवसांत ती दुपारी झोपू लागली होती. दुपारची झोप! डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नव्हतं ते झालं, असं मी मनात म्हणत होतो.

ते टिकलं नाही. पूर्वी तिला त्या दोघांची भीती होती. आता ती त्यांची वाट पाहू लागली. दूधवाल्याची घंटा वाजली की ती दारामागे जाऊन उभी राहायची. बाभळीत कोणी शेळ्या चारत असला तर खिडकीतून तासभर त्याच्यावर नजर. एकदा मी म्हणालो, "ते आता कायले येतील वं? घरात काय ठेवलं आहे?"

ती म्हणाली, "येऊ द्या न. मी तं बसूनच राहिली."

मी तेव्हाच ते ठाण्यात नेऊन जमा करायला हवं होतं. मला ते कळत होतं. पण मी चार वाजता आलो होतो, हे आमच्या दोघांच्या मध्ये कायम असायचं, आणि त्या चार वाजल्यानंतर तिला नाही म्हणण्याचा हक्क मला उरला नव्हता.

मे महिन्यात एका रविवारी दुपारी मुलगी न कळवता आली. आंबे घेऊन आली होती. नात आता आठ वर्षांची. तिला वाटलं, मागच्या अंगणातून जाऊन आजीला दचकवावं. मुलगी गेटपाशी गाडी लावत होती. मी समोरच्या खोलीत खुर्चीत होतो. मला फाटकाचा आवाज आला, मागच्या बाजूला धावत्या चपलांचा आवाज आला, आणि स्वयंपाकघरातून तो तिसरा आवाज आला. कट्ट.

मी उठलो कसा ते आठवत नाही. ती ओट्याशी उभी होती, दोन्ही हात लांब केलेले, मी शिकवले होते तसे. समोर मागच्या दाराची जाळी, आणि जाळीला नाक लावून नात. उन्हातून आल्यामुळे तिला आतलं काही दिसत नव्हतं. ती हसू दाबत होती. घोडा चढलेला होता, आणि आता चापाला किती कमी जोर लागतो हे त्या घरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. हाक मारली असती तर बायको दचकली असती. मी बाजूने गेलो आणि घोडा आणि बॉडी यांच्या मधल्या फटीत माझा अंगठा घातला.

घोडा पडला. माझ्या नखावर पडला.

"भोंऽऽ!" नात ओरडली.

बायकोने रिव्हॉल्व्हर सोडून दिलं. ते माझ्या हातात लटकत राहिलं, अंगठा अडकलेला, रक्त ओट्यावर. ती जाळीकडे बघत होती. मग खाली बसली. तोवर मुलगी मागच्या दाराशी आली होती; मी मोकळ्या हाताने कडी काढली आणि नातीमागोमाग ती आत आली.

तिने सगळं एका नजरेत पाहिलं. पोरीला उचललं, तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. "बाबा, हे भरलेलं आहे?"

मी मान डोलावली.

"भरलेलं घरात ठेवता? आईजवळ?"

"तिले भीती वाटते बेटा."

"अन् मले नाही वाटत?" ती म्हणाली. आंब्यांची पेटी दारातच राहिली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. संध्याकाळी जावयाचा फोन आला. तो शांतपणे बोलला. म्हणाला, ते घरात आहे तोवर आम्ही येणार नाही, राग मानू नका. मी म्हणालो, नाही मानत.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला सांगितलं, की मी हे परत करतो आहे. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "मंग मले बी जमा करून या."

तरी मी गेलो. दुकानदार म्हणाला, विकायला वेळ लागतो, परवानगी लागते, गिऱ्हाईक लागतं. तोवर माझ्याकडे ठेवून घेतो. मी पावती घेऊन घरी आलो. बायको न्हाणीघरात होती, आतून कडी लावून. दुपारीही तिथेच. तिसऱ्या दिवसापासून ती जेवणाचं ताटही तिथेच मागू लागली. एकच दार, खिडकी नाही, म्हणून. ओल्या फरशीवर पाट टाकून भिंतीला टेकून बसलेली असायची. मी बाहेर खुर्ची घेऊन बसायचो. मुलीला फोनवर सांगितलं तर ती रडली, पण आपली अट तिने सोडली नाही, आणि तिने सोडावी असं मलाही वाटत नव्हतं. डॉक्टरांनी भरती करा म्हटलं. बायकोने माझे पाय धरले.

अकराव्या दिवशी मी सदरला जाऊन रिव्हॉल्व्हर परत आणलं. ती न्हाणीघरातून बाहेर आली, आंघोळ केली आणि वरणभात लावला.

तेव्हापासून नात फोनवर दिसते. पडलेले दात दाखवते, चित्रं दाखवते. एकदा तिने विचारलं, "आजी, तू काहून येत नाही?" बायको म्हणाली, "येईन हं," आणि फोन माझ्या हातात दिला. घराबाहेर हत्यार नेणं तिला जमत नाही आणि हत्याराशिवाय निघणं तिला जमत नाही.

या वर्षी ठाण्यातून फोन आला. दोघं सापडले होते, दुसऱ्या कोणत्या तरी घरच्या गुन्ह्यात, तशाच पद्धतीच्या. ओळख परेडसाठी तुरुंगात यावं लागेल. माझ्या मनात किती दिवसांनी उजेड पडला! ते आत जातील, ती डोळ्यांनी बघेल की ते आत आहेत, मग ते पोलाद मी कायमचं देऊन टाकेन. मी मुलीलाही कळवून टाकलं. ती म्हणाली, "खरंच बाबा?" तिचा आवाज लहानपणीसारखा आला.

त्या दिवशी बायको निघाली. दारापर्यंत येऊन तीनदा परत फिरली, पण निघाली. तुरुंगात मला बाहेर बसवलं. ती आत गेली आणि पाच मिनिटांत आली. सोबतच्या साहेबाने माझ्याकडे पाहून मान हलवली. कोणालाच ओळखलं नाही.

आम्ही ऑटोत बसलो. बराच वेळ ती रस्त्याकडे बघत होती. मग ऑटोवाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "तिसरा अन् सातवा."

"काय?"

"तेच होते जी. बारीक झाले. सातवा माह्याकडे पाहूनच नाही राहिला."

"मंग सांगतलं काहून नाही वं?"

"सांगतलं असतं तं तुमी बंदूक नेऊन दिली असती."

मी ऑटो थांबवू शकत होतो. परत जाऊन साहेबांना सांगू शकत होतो, की तिला पुन्हा एकदा विचारा. मी समोरच्या माणसाच्या घामाने भिजलेल्या शर्टाकडे बघत बसून राहिलो. घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मुलीचा फोन आला, पहिल्या घंटेतच मी उचलला.

"बाबा, काय झालं?"

"नव्हते ते," मी म्हणालो.

ती म्हणाली, "बरं. आईले सांभाळा."

ते दोघं सुटले की त्या दुसऱ्या गुन्ह्यात आत राहिले, ते मी विचारायला गेलो नाही. ज्या घरी ते नंतर गेले होते, तिथल्या बाईचं वय काय होतं, तेही मी विचारलेलं नाही.